या आठवड्यात कोण पडलं?

दर शुक्रवारी सकाळी साडेसातला आम्ही रांगेत उभे राहिलो की सर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवायचे आणि विचारायचे, "या आठवड्यात कोण पडलं?"

कुणीच पडलेलं नसायचं. बारा-चौदा मुलं आणि एक मी, असे आम्ही सगळे आठवडाभर आपापल्या घरी, शाळेत, ऑफिसात धडधाकट उभे राहून आलेलो असायचो. मुलं इंग्रजी शाळांतली. ती एका सुरात "नोबडी, सर" म्हणायची आणि सरांचा चेहरा उतरायचा. माणसं पडली नाहीत म्हणून हिरमुसणारा हा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. "असू द्या," ते स्वतःचीच समजूत घालत म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात बघू."

दोह्यातल्या मराठी मंडळाच्या कागदांत क्लासचं नाव 'पारंपरिक जपानी युद्धकला वर्ग' असं भारदस्त होतं. भरायचा तो अल मन्सूऱ्यातल्या एका उडुपी हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये, खालून येणाऱ्या सांबाराच्या वासात. आणि त्या भारदस्त नावाखाली सर एकच गोष्ट शिकवायचे, ती म्हणजे पडणं. जपानीत त्याला उकेमी म्हणतात. पुढे पडायचं, मागे पडायचं, डावीकडे, उजवीकडे, लोळण घेऊन, लोळण न घेता. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, मोकळा तळहात जमिनीवर फाडकन. लाथ नाही, बुक्की नाही. एकदा एका मुलाने विचारलं की सर, समोरच्याला कसं पाडायचं? सर म्हणाले, "त्याची काळजी आपण का करायची? तो पडेल त्याच्या वेळेला."

शुक्रवारची सुट्टी सोडून आठवड्याचे बाकीचे दिवस सर आमच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. रत्नागिरीकडच्या एका खेड्यातले. बावीस वर्षं कतारमध्ये, त्यातली बावीसही इंडस्ट्रियल एरियातल्या त्याच गोदामात. मी त्याच कंपनीत प्लॅनिंग इंजिनीअर, वयाने त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान. तरी ते मला 'साहेब' म्हणायचे, आणि मी त्यांना 'सर'. आमच्यात कोण कुणाचा वरिष्ठ हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

क्लासला मी गेलो तो मुलीला घेऊन. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला भिंतीवरून पळता यावं अशी तिची माफक अपेक्षा होती. तीन शुक्रवारांनंतर तिने गाडीत जाहीर केलं, "बाबा, ही ओन्ली टीचेस फॉलिंग. आय ऑलरेडी नो फॉलिंग." ती गेली ती नाचाच्या क्लासला. मी राहिलो. का राहिलो ते बायकोने पुष्कळदा विचारलं. मला वाटतं, ज्यात हरण्याची काहीच सोय नाही अशी एक गोष्ट मला आयुष्यात हवी होती. पडायलाच गेलेल्या माणसाला कोण पाडणार?

जपानी पद्धतीप्रमाणे क्लास सुरू होताना कमरेत वाकावं लागतं. सरांची त्यात अडचण अशी की आपण वाकतो ते फक्त अल्लापुढे, हे त्यांचं लहानपणापासूनचं ठरलेलं. पण परंपराही मोडायची नव्हती. त्यावर त्यांनी तोड काढली होती. "वाका, आणि चटई तपासा," ते म्हणायचे. मग आम्ही सगळे गंभीरपणे वाकून चटईला भोक पडलंय का, कुठे टोक वर आलंय का, ते बघायचो. वर्षानुवर्षं बघून आम्हाला ती सवयच लागली. माझ्या मुलीच्या शाळेत पालकसभेला प्रिन्सिपलबाईंसमोर मी एकदा असाच वाकलो आणि त्यांच्या ऑफिसातला गालिचा तपासून आलो.

सिनेमा हा सरांचा वीक पॉइंट होता. निंजांचा एकही सिनेमा ते सोडत नसत आणि एकही पूर्ण बघत नसत. आमच्या घरी एकदा जेवायला आले असताना टीव्हीवर असाच एक लागला. काळ्या कपड्यातले दहाबारा जण चांदण्यात कौलारू छपरावरून पळत होते. सरांनी हातातला घास तसाच ठेवला आणि रिमोट मागितला. चित्र थांबवून ते उठले, पडद्याजवळ गेले आणि बोटाने दाखवू लागले. "हा बघा, याने कौलाच्या मधोमध पाय दिलाय. गेलं कौल. खाली लाकडाची रीप असते, पाय रिपेवर द्यायचा. आणि हे दहा जण धावणार म्हणजे चाळीस-पन्नास कौलं तरी जातील. घरात माणसं झोपलीत ना? त्यांनी काय करायचं?" सिनेमातल्या त्या घरातल्या सरदाराला हे लोक ठार मारणार होते, त्याबद्दल सरांचं काही म्हणणं नव्हतं. कौलं मात्र कुणी भरून द्यायची, हा प्रश्न त्यांना जेवण होईपर्यंत सुटला नाही. आमचा सिनेमा छपरावरच राहिला.

पाठीवरच्या तलवारीचंही त्यांना असंच लागलं होतं. पाठीला बांधलेली लांब तलवार खांद्यावरून उपसता येतच नाही, हात पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते सिद्ध करायला त्यांनी भर ड्यूटीत गोदामातला प्लास्टिकचा पाइप पाठीला बांधला आणि एका नेपाळी हेल्परला त्यात सळई घालून खेचायला लावली. सळई अर्ध्यात अडकली. तेवढ्यात प्रोजेक्ट मॅनेजर आले. पाठीला सळई बांधलेल्या स्टोअरकीपरला काय विचारावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी सिमेंटच्या गोण्या किती आहेत ते विचारलं. सरांनी तसंच उभं राहून आकडा सांगितला.

पण त्यांचं एक म्हणणं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. खरा निंजा काळे कपडे घालायचाच नाही, असं ते सांगायचे. तो घालायचा शेतकऱ्याचे, हमालाचे, फेरीवाल्याचे. "ज्याला लपायचंय तो वेगळा पोशाख कशाला करील? त्याने स्टोअरकीपरचे कपडे घालावेत. मी बावीस वर्षं या गेटवर बसतोय साहेब, मला कुणी बघितलेलं नाही." हे ते तक्रारीने सांगत नव्हते. उलट त्यात कौशल्य असल्यासारखं सांगत होते. मला मात्र वाईट वाटलं, कारण कंपनीतली माझी पहिली दोन वर्षं मीही त्यांच्याकडे न बघताच गेटपास सरकवत होतो.

एकदा साइटवर खराखुरा जपानी इंजिनीअर आला. आम्ही उत्साहाने सरांना त्याच्यापुढे नेऊन उभं केलं. दोघंही वाकले. जपानी माणूस सभ्यतेने वाकला होता, सर फरशी तपासत होते. मग सरांनी उकेमीबद्दल विचारलं. तो बिचारा ओशाळून म्हणाला की शाळेत थोडंसं केलं होतं, आता आठवत नाही, आपण आपले गोल्फ खेळतो. सरांनी त्याला दुपारच्या सुट्टीत पुठ्ठे अंथरून पडायला शिकवलं. जाताना त्याने खूप आभार मानले आणि हे आपण कुठे शिकलात असं विचारलं. "रत्नागिरी," सर म्हणाले. त्याने मान डोलावली. जपानमधलंच कुठलं गाव असेल असं समजला असावा.

अशा या माणसाची एकच इच्छा होती. निवृत्त होऊन गावी जाण्याआधी आपला एक तरी विद्यार्थी खरोखर पडायला हवा, आणि नीट पडायला हवा. "चटईवर सगळेच पडतात. सांगून पडणं म्हणजे पडणं नव्हे. न सांगता पडला आणि उठून चालू लागला, असा एक मला बघायचाय. नाही तर मी शिकवलं ते पोचलं की नाही, मला कळणार कसं?" म्हणून तो शुक्रवारचा प्रश्न. सरांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती आणि आमच्यापैकी एकही मेला पडायला तयार नव्हता.

त्यात मंडळाची नवी कमिटी आली. नवे सेक्रेटरी विम्याच्या धंद्यातले, बोलायला गोड, आणि लहानपणी व्हिडिओवर मारामारीचे सिनेमे बघून वाढलेले. हॉल मंडळाने भाड्याने घेतलेला, शुक्रवारची सकाळ झुम्बावाल्यांनाही हवी होती. सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये सांगितलं की वार्षिक कार्यक्रमात जपानी वर्गाने एक दणदणीत प्रात्यक्षिक द्यावं, हाताने दहा कौलं फोडून दाखवावीत, म्हणजे पालक खूश, आणि हॉल क्लासकडेच राहील. नाही जमलं तर झुम्बा. कौलं फोडणं हाही तिकडचा जुनाच प्रकार आहे, त्यामुळे सेक्रेटरींचं अगदीच चुकत होतं असं नाही. कमिटीत मीही होतो. मी हात वर केला, विरोधात नव्हे, बाजूने. सरांचा हॉल वाचावा एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सरांना सांगायला मी गोदामात गेलो. ते म्हणाले, "कौल फोडायचं? घरावरचं?"

म्हटलं, सर, एकदाच. नाही तर हॉल जातोय. मुलांनी पडायचं कुठे?

मुलांचं नाव निघाल्यावर ते नरमले. बरं म्हणाले. आता दोह्यात मातीची कौलं आणायची कुठून? तर ती आमच्याच गोदामात होती. एका शेखच्या बागेतल्या मंडपासाठी मागवलेली, काम झाल्यावर उरलेली. म्हणजे कौलं गोदामाबाहेर काढायला गेटपास लागणार, आणि त्यावर सही करणार सर. मी फॉर्म भरून आणला. त्यात 'कारण' असा रकाना असतो. मी लिहिलं होतं, 'फोडण्यासाठी'. सरांनी तो फॉर्म बाजूला ठेवला. बावीस वर्षांत अशा कारणासाठी माल दिलेला नाही, म्हणाले. त्यांनी नवा फॉर्म घेतला, सुवाच्य अक्षरात 'प्रदर्शनासाठी' लिहिलं आणि खाली दोन चौकोन होते, त्यातल्या 'रिटर्नेबल' या चौकोनावर टिक केली. म्हणजे माल जसा नेला तसा परत करायचा. मी घाईत होतो, मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. स्टोअरकीपरचं गेटपासकडे लक्ष नाही, असं मला वाटलं, याला काय म्हणावं?

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला होता. सेक्रेटरींनी धुराचं मशीन आणलं होतं, ढोलाचं संगीत आणलं होतं, आणि सरांसाठी काळा पोशाख शिवून घेतला होता, डोळ्यांपुरती फट ठेवून. रंगमंचावर दोन ठोकळ्यांवर दहा कौलांची चळत, पुढे आमच्या चटया. निवेदिकेने तीनदा नाव पुकारलं. ढोल वाजले. कुणी येईना.

खरं म्हणजे सर केव्हाच आले होते. कंपनीचा राखाडी शर्ट, राखाडी पँट, खिशाला पेन. मंचाच्या मधोमध उभे होते. निवेदिकेने त्यांना डेकोरेशनचा माणूस समजून माइक थोडा बाजूला घ्यायला सांगितला. त्यांनी घेतला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी ती शिडी आधी हलवा म्हणून सांगितलं. डेकोरेशनवाले आपली घडीची शिडी तिथेच विसरून गेले होते. सरांनी ती आणून चटईशेजारी उभी केली. चार मिनिटं सगळं दोहा निंजाची वाट बघत होतं आणि निंजा समोर शिडी लावत होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार?

मग सर वाकले. चटई तपासली, कौलं तपासली. चळतीवरचं वरचं कौल दोन्ही हातांनी उचललं, आणि ते छातीशी धरून शिडी चढू लागले. पाचव्या पायरीवर थांबून, माइकशिवाय, गेटवर बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "मी एकोणीस वर्षांचा होतो. घरावर कौलं बसवत होतो. पाय सरकला. हातात असंच कौल होतं. ते फुटलं आणि मीपण फुटलो. आठ महिने खाटेवर होतो. मग एक मास्तर भेटले, म्हणाले, पोरा, तुला पडायला कुणी शिकवलं नाही काय?"

आणि ते पडले.

मागच्या मागे, न सांगता. एका हाताने कौल छातीशी, दुसरा तळहात चटईवर फाडकन. मशीनवाल्याला वाटलं हीच वेळ, त्याने धूर सोडला. सगळा मंच दिसेनासा झाला. पहिल्या दोन रांगा खोकायला लागल्या. धूर ओसरला तेव्हा सर उभे होते आणि त्यांनी कौल डोक्यावर उंच धरलं होतं. अख्खं. त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. साठीला टेकलेला माणूस शिडीवरून पडला होता आणि कौल फुटलं नव्हतं. मी आजवर पाहिलेली ही सगळ्यात थोर गोष्ट होती, आणि हॉलमध्ये सगळे कौल कधी फुटणार म्हणून वाट बघत होते.

प्रमुख पाहुणे डॉक्टर होते, मनाने फार चांगले. ते उठले, सरांचा हात हातात घेतला, नाडीही बघितली असावी, आणि माइकवर म्हणाले, "प्रयत्न महत्त्वाचा. पुढच्या वर्षी नक्की फुटेल."

लोकांनी सहानुभूतीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. उठून सांगायला हवं होतं की अहो, न फुटणं हाच खेळ होता. नाही सांगितलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा गोड आवाजात फोन आला. हॉल झुम्बाला गेला. त्यानंतरच्या कामाच्या दिवशी सर स्वतः टॅक्सीने दहा कौलं घेऊन गोदामात आले आणि गेटपासवर माझी सही घेतली. माल मिळाला, स्थिती उत्तम.

क्लास मग एका बागेतल्या हिरवळीवर भरू लागला. मे महिन्यात सकाळी सहालाही तिथे श्वास घेववत नसे. मुलं एकेक करून गळाली. शेवटचे चार महिने सर आणि मी, दोघंच. तरी ते मला रांगेत उभं करायचे. मी एकटा रांगेत उभा राहायचो, आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून विचारायचे, या आठवड्यात कोण पडलं? नाही सर, मी म्हणायचो. एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून खोटंच सांगितलं की पडलो, जिन्यावर. त्यांनी विचारलं, हातात काय होतं? मला पटकन उत्तर सुचलं नाही. "मग पडला नाहीत," ते शांतपणे म्हणाले. "पडलेल्या माणसाला ते आठवतं."

ते गेले त्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सामानात काही विशेष नव्हतं. आत जाताना त्यांनी सलाम केला आणि म्हणाले, "एवढ्या वर्षांत एक नाही पडला, साहेब." विनोद करत नव्हते. इन्शाल्ला म्हणायचंही मला सुचलं नाही.

याला दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात दुपारी मी मन्सूऱ्याच्या मेट्रोतून बाहेर पडलो, मुलीला आवडते म्हणून उडुपीवाल्याकडून खीर घेतली, स्टीलच्या डब्यात, काठोकाठ. हॉटेलच्या दारात नुकतीच फरशी पुसली होती. पिवळी पाटी होती, मी ती वाचली, आणि वाचता वाचताच माझे दोन्ही पाय पुढे निघून गेले.

पुढचं मी केलं असं म्हणवत नाही. ते झालं. हनुवटी छातीला टेकली, श्वास बाहेर गेला, उजवा तळहात फरशीवर फाडकन आपटला. आवाजाने गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला. पुढच्या क्षणी मी उभा होतो आणि कमरेत वाकून फरशी तपासत होतो. वेटर धावत आले. माझ्या डोळ्यांत पाणी बघून त्यांना वाटलं फार लागलं. कुणी खुर्ची आणली, कुणी बर्फ. मी म्हटलं, भाई, कुछ नहीं हुआ, खलास, और थोडी देर खड़ा रहने दो. आणि तिथेच उभ्याने फोन लावला.

बऱ्याच रिंगनंतर सरांनी उचलला. वाऱ्याचा आवाज येत होता.

"सर, पडलो."

मग प्रश्न आला. "हातात काय होतं?"

"डबा. खिरीचा."

"सांडला काय?"

"नाही सर. थेंबसुद्धा नाही."

मला वाटलं फोन कटला. मग एकदम त्यांचा मोठ्ठा आवाज आला, माझ्यासाठी नसलेला, गेटवरचा नसलेला, मी कधीच न ऐकलेला. "अगं ऐकलंस काय? दोह्यात एक पडला! नीट पडला!"

कुठून तरी खालून, लांबून, बाईमाणसाचा आवाज आला. "पडू दे. तुम्ही आधी कौलावरून खाली उतरा."

तेव्हा मला कळलं सर कुठे होते ते. मी घाबरून म्हटलं, सर, फोन ठेवा, दोन्ही हात मोकळे ठेवा, सावकाश या. ते हो हो म्हणाले, पण मध्येच नाक ओढल्याचं ऐकू आलं आणि फोन त्यांनी न ठेवता तसाच खिशात टाकला असावा. मी डबा घट्ट धरून ऐकत राहिलो. कापडाची सळसळ, वारा, एक कोंबडा. साठी उलटलेला माणूस भरल्या डोळ्यांनी छप्पर उतरत होता. बाई खालून ओरडून सांगत होत्या, सांभाळून, सांभाळून. मग त्या म्हणाल्या, "आलात? चला आता, हात धुवा."

तोपर्यंत एकही कौल वाजलं नव्हतं.